खोक्यातली सवत

आटपाडी, २ ऑगस्ट १९९८

सोने,

तुझं पत्र हरणाबाईनं पोस्टमनच्या हातनं हिसकून घेतलं, उलटंसुलटं करून बगितलं आन वाचता येत न्हाई म्हणून माझ्याम्होरं आपटलं. माझी शाळा दुसरीपत्तुर झालीया, म्हणून या घरात मी वकील. तिला मोठ्यानं वाचून दावलं. डिस्क म्हंजे काय ते दोघीस्नीबी कळलं न्हाई. पर ती जळाली आन मेळाव्याच्या वधू-वर पुस्तिकंतली निम्मी पोरं-पोरी तिच्यासंगं गेली, येवढं कळलं. मी हसले. राग मानू नगंस. लग्नाची निम्मी पोरं एका दमात गायब झाली तर समाजातल्या किती आयाबापास्नी झोप लागंल.

तुझ्या बापाचंबी पत्र आलंय. किसना एसटी चालिवतो तसंच लिवतो, मधी थांबत न्हाई. म्हणतो, पोरगी बी.ए. झाली, साताऱ्यात बसून कंप्यूटरवर लोकांची लग्नं टाइप करती आन सोताच्या लग्नाचं नाव काढलं की दार लावती. डिसेंबरात सांगलीला मेळावा हाय. त्याच्या आदी पुस्तिका पुरी छापून आली तर खोकं घरात ऱ्हाईल. न्हाई आली तर खोकं इकणार आन कडेगावच्या भाऊसोच्या पोराला हो म्हणणार.

तू इचारलंस, आज्जी, तू कुणाच्या बाजूची. मी माझ्या बाजूची. पोरगा मी बगितलाय. ऊस हाय, दात नीट हायत, आईच्या आदी बोलत न्हाई. यापरास वाईट नवरं मी बगितल्यात, एक तर घरातच हुता.

आता पुन्यांदा टाइप करशील ते जाऊ नी म्हणून काय करणार हायस, ते लिव. हरणाबाई म्हणती, खोक्याला लिंबू बांध. तिचं ऐकू नगंस. तिनं म्हशीला बांधला हुता, म्हशीनं खाल्ला.

धोंडुबाई


सातारा, ११ ऑगस्ट १९९८

आज्जी,

पाया पडते, पण हसलीस म्हणून अर्ध्यातूनच उठते.

लिंबू नको, उपाय सापडला. जळकी डिस्क काढून टाकली आणि एकाच मापाच्या दोन बसवल्या. आता मी जे टाइप करते ते एकाच वेळी दोन्हींवर लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी तशीच चालू राहते, पुस्तिकेतला एक नवरा हलत नाही. मोठ्या ठिकाणी यासाठी वेगळं कार्ड घालतात. ते आपल्याला कुठलं परवडायला. मी विंडोज एनटी नावाच्या सॉफ्टवेअरकडूनच हे काम करून घेतलं. दुकानदार म्हणाला, घरच्या मशीनवर असलं कुणी करत नाही, ताई, तुम्हाला जमायचं नाही. पहिल्यांदा खरंच जमलं नाही. दुसऱ्यांदा मशीनच सुरू होईना. मग पुस्तक मांडीवर घेऊन ओळ न ओळ वाचत केलं, तेव्हा पडद्यावर दोन्ही डिस्कांपुढे जांभळी पट्टी आली. जांभळी म्हणजे जोडी जमली. याला मिरर म्हणतात, म्हणजे आरसा.

आप्पा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, एका कामाला दोन-दोन ठेवल्या तर आमच्या डेपोत साहेब घरी पाठवेल. मी विचारलं, मग गाडीला स्टेपनी कशाला असते? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे टाइपिंग भराभर चाललंय.

भाऊसोंच्या मुलाच्या दातांबद्दल कळवलंस, आभारी आहे. मी बैल घेत नाहीये.

सोनम


आटपाडी, २० ऑगस्ट १९९८

सोने,

आरसा कुटला, ही तर सवत.

तुझ्या आज्यानं हेच केलं हुतं. लगीन झाल्यावर माझी कूस लवकर उजवंना, म्हणून हरणाबाईला आणली. एक बंद पडली तर दुसरी चालू ऱ्हावी, येवढाच इचार. फुडं मला तुझा बाप झाला, तिला काय झालंच न्हाई, आन त्यो गडी दोन चुलींवर जेवून, दोन्हीकडनं शिव्या खाऊन मेला. आता आमी दोघी एका चुलीवर हाय आन लय बरं चाललंय. तवा दोन ठिवल्या म्हणून मालकाचं भलंच हुतं असं समजू नगंस.

आन मला तुझ्या कामात एक खोट दिसती. मेंढरं राखणारा मानूस समदी मेंढरं एका वाड्यात ठिवत न्हाई. चार-पाच माद्या लांबच्या पावण्याला अर्धलीनं देतो. त्यानं संभाळायच्या, कोकरं निम्मी त्याची, निम्मी आपली. हितं रोगाची साथ आली तरी तितली वाचत्यात. तुझ्या दोन्ही डिस्का एकाच खोक्यात. उद्या खोक्यावर कपाट पडलं तर? त्यापरास एक डिस्क शेजारच्या घरात ठिव आन भिंतीला भोक पाडून तार वढ. भोक किसना पाडंल. त्याला तोडफोड आवडती.

घट बसायच्या आदी मी साताऱ्याला येते. तुझ्या आईच्यानं गुडघ्यामुळं घटाचं धुणं हुणार न्हाई. वाकळा, भांडी, फळ्या, भिंती, समदं मी काढीन. तुमच्या घरात मागल्या दसऱ्याची जाळी आजून हाय, मला ठावं हाय.

धोंडुबाई


सातारा, २९ ऑगस्ट १९९८

आज्जी,

भिंतीतून तार नेता येत नाही. डिस्कची तार हातभर लांब असते, शेजारणीपर्यंत पोचत नाही. दोघींनी एकाच खोक्यात राहायचं असतं, तू आणि हरणाआज्जी राहता तसं.

जरूर ये. फक्त एक सांगणं आहे. घराला हवं तेवढं पाणी लाव, माझ्या मशीनला हात लावू नकोस. गरम होतं म्हणून त्याचं एका बाजूचं झाकण मी काढूनच ठेवते. आत तारा दिसतील. त्या तशाच असतात, विस्कटलेल्या वाटल्या तरी विंचरायच्या नाहीत.

सोनम


आटपाडी, २४ सप्टेंबर १९९८

सोने,

पोचले. गाडीत बसाय जागा मिळाली, कारण एका कॉलेजच्या पोराच्या पायावर गाठुडं ठिवलं आन ते उठंस्तवर काढलं न्हाई.

तुमचं घर धुऊन माझी कंबर गेली. तू प्रूफं द्यायला गेल्तीस तवा तुझीबी खोली काढली. खुर्चीखाली लाडवाचं तुकडं हुतं, उंदरांनीबी सोडलेलं. खोक्याचं म्हणशील तर तू सांगितलं हुतंस हात लावू नगंस, म्या हात लावला न्हाई. त्याच्यावर नवमीला भंडारा मात्र किसनाला टाकाय सांगितलाय, चिमूटभर. ज्याच्यावर पोट चालतं त्याला पुजाय लागतं, मग ती कातर असू दी न्हाईतर तुझी सवत.

हितं आले तर भाऊसो ओट्यावर बसलेला. म्हणाला, कडेगावला जाता जाता आलो. कडेगावला जाता जाता आटपाडी लागती, हे मला आजपत्तुर ठावं नव्हतं. चहा पाजला. हरणाबाईनं त्यात साखर दोनदा घातली, ती तिची सवय हाय, त्यात मान कुणाचा न्हाई.

धोंडुबाई


सातारा, १२ ऑक्टोबर १९९८

आज्जी,

तू गेल्यापासून घर इतकं स्वच्छ आहे की आईला वस्तू सापडत नाहीत.

काम छान चाललंय. पूर्वेकडची, म्हणजे आटपाडी, जत, खानापूरची सगळी फॉर्म आता टाइप झाली. झालेले गठ्ठे मेळाव्याच्या मंडळाची माणसं सांगलीला परत नेतात, त्यामुळे खोलीत पाय ठेवायला जागा झाली. मशीनही खूश आहे. पूर्वी दोन डिस्का मिळून पिठाच्या गिरणीसारख्या घरघरायच्या. आता आवाज निम्म्यावर आलाय. तुझ्या भंडाऱ्याचा गुण म्हणायचा. सुरू करताना पडद्यावर एक इंग्रजी चौकट येते, पण असल्या चौकटी येतच असतात, एंटर मारलं की जातात.

आता वाईट बातमी. आप्पा बोलायला लागले. म्हणाले, सगळ्यांची नावं टाइप करतेस, मग स्वतःचं का नाही? खुर्चीमागे उभं राहून माझं फॉर्म भरून घेतलं आणि टाइपही करून घेतलं. रंग सावळा लिहिला तर म्हणाले, निमगोरा लिही. उंची त्यांनी डेपोतल्या खांबाला लावून मोजल्यासारखी सांगितली. 'अपेक्षा' या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं, तर ते त्यांना फार संस्कारी वाटलं.

भाऊसो तुझ्याकडे का येतात, ते तू सांगितलं नाहीस. चहाचंच लिहिलंस.

सोनम


आटपाडी, २२ ऑक्टोबर १९९८

सोने,

कार्ड लिवते, जागा कमी हाय. कडेगावची मंडळी तुळशीचं लगीन झालं की तुला बगायला साताऱ्याला येतो म्हणत्यात. मी या म्हटलं. किसनालाबी तसं कळवलंय. शेजारच्या रंगूबाईची गाय व्याली, खोंड झाला.

धोंडुबाई


सातारा, ५ नोव्हेंबर १९९८

आज्जी,

काल दुपारी टाइप करता करता मशीनमधून टकटक आवाज आला आणि पडदा निळा झाला. एक डिस्क मेली. मी घाबरले नाही. म्हटलं, दुसरी आहे, याच दिवसासाठी ठेवलीय. मशीन बंद करून आत बॅटरीचा उजेड टाकला, तर दुसऱ्या डिस्कची विजेची तार निघून लोंबत होती. डिस्कवर फडक्याचे ओले फराटे वाळलेले होते. तार जोडली, ती सुरू झाली, सगळं दिसलं. पण त्यात तू धुणं काढलंस त्या दिवसापर्यंतचंच आहे. त्या दिवसापासून ती बंदच होती. मी एकाच डिस्कवर लिहीत होते आणि घरघर कमी झाली म्हणून तुझ्या भंडाऱ्याचं कौतुक करत होते.

घटापासूनचं सगळं गेलं. पूर्वेकडचं एकही नाव उरलं नाही. फॉर्म सांगलीला गेलीत. मंडळाला सांगितलं तर ते पुस्तिका दुसऱ्याकडे देतील, आप्पांना सांगितलं तर मशीन जाईल.

मी हात लावू नकोस म्हणून लिहिलं होतं. तू लावलास, आणि नाही लावला म्हणून कळवलंस. घरी पोचलीस तर भाऊसो ओट्यावर होते. मग कार्ड आलं की ते मला बघायला येतायत, तू या म्हणालीस. आता मला सगळं एका ओळीत दिसतं. पुस्तिका बुडाली की मी कडेगावला. हे तुझं एकटीचं होतं, की आप्पांनी सांगितलं होतं, एवढंच कळव.

सोनम


आटपाडी, १० नोव्हेंबर १९९८

सोनम,

तुझं पत्र हरणाबाईला वाचून दावलं न्हाई. असं पयल्यांदाच झालं. ती सारखी इचारती, काय लिवलंय, मी सांगते, गुडघं दुखत्यात म्हणून लिवलंय.

तार म्या काढली. तू म्हणालीस हात लावू नगंस, तवा म्या फडकं लावलं. लाल, पिवळी, काळी अशी तारांची येसण आडवी येत हुती. वढली, पुसलं, परत घातली. बसल्यासारखी वाटली. तुला सांगितलं न्हाई, कारण तू बोंबलली असतीस आन माझी गाडी चुकली असती. हे माझं.

आता तुझं. त्या खोक्यानं दीड महिना रोज सकाळी चौकट दावून तुला सांगितलं, बाई, एक मेली, बग. तू बी.ए. झालेली, तू ती वाचली न्हाईस. मला इंग्रजी येत न्हाई म्हणून मी सुटले. तू कशी सुटणार, ते तुझं तू बग.

आन कटाचं म्हणतीस तर आईक. मला तुझं लगीन लावायचं असतं तर येसण कशाला वढली असती, तुझा कान वढला असता. मला चोरून काय करायची गरज हाय? कडेगावच्या लोकांस्नी या म्हटलं, कारण दारात आलेल्याला जा म्हणायची आपल्यात रीत न्हाई. या म्हणणं आन घ्या म्हणणं यात किती आंतर हाय, ते तुला माझ्या वयाची झाल्यावर कळंल. माझं लगीन ठरलं तवा मला कुणी हो का न्हाई इचारलंबी नव्हतं. मी मेंढरामागं हुते, संध्याकाळी वाड्यावर आले तर हळद लागलेली. हरणाबाईला तर म्हायत नव्हतं की मी घरात हाय. तवा किसना तुला इचारतो का न्हाई ते मला बगायचंय, पर त्याच्यासाठी मी खोक्याच्या मागं फडकं घिऊन फिरत न्हाई.

रडणं झालं असंल तर कामाचं बोलू. मी परवाच्या गाडीनं सांगलीला जाते. मंडळाचा सेक्रेटरी बिराप्पा, त्याची आई माझ्या माहेरची. त्याला सांगीन, घटानंतरच्या समद्यांची देवकं तपासायची हायत, न्हाईतर एकाच देवकाची पोरं-पोरी एकमेकास्नी दावशीला आन मेळाव्यात काठ्या निघतील. न्हाई म्हणायची त्याची टाप न्हाई. गठ्ठं घिऊन तशीच साताऱ्याला येते. किसनाला म्हण, आज्जीला डोळं दावायचं हायत. मी वाचून सांगीन, तू बडव. मी अडखळत वाचते, तुझी बोटं दुखायची न्हाईत.

धोंडुबाई


सातारा, २८ नोव्हेंबर १९९८

आज्जी,

पुस्तिका छापून आली. एक प्रत आज टपालात टाकली आहे.

तू गेल्यावर खोली फार शांत वाटते. तू प्रत्येक नवऱ्यावर जे बोलायचीस ते चुकून टाइप झालंय का, हे मी तीनदा तपासलं. जतच्या त्या मास्तरांच्या पुढे 'छंद: वाचन' आहे. 'वाचन कसलं, ह्याच्या बापाला मी वळकते' हे नाही, काळजी करू नकोस. आप्पांना शेवटपर्यंत वाटत होतं की तुझे डोळे तपासायला आणलेत. म्हणाले, डॉक्टरकडे एकदाही गेली नाही आणि दिवसभर कागद वाचतीय, म्हणजे गुण आलेला दिसतो.

नवीन डिस्क बसवून पुन्हा जोडी लावली. आता सुरू करताना चौकट आली की हात मागे घेऊन आधी वाचते. शिवाय रोजचं काम फ्लॉपीवर घेऊन शेजारच्या क्षमाकाकूंच्या कपाटात ठेवते, भिंतीला भोक न पाडता.

कटाचं लिहिलं होतं ते मागे घेते. रागात मला ओळी जुळलेल्या दिसल्या.

पण एक गोष्ट राहिली. शेवटचं फॉर्म माझं होतं. तू वाचत होतीस, निमगोरा, अपेक्षा नाही, सगळं वाचलंस. मी टाइप करत नव्हते, नुसती बसले होते. तू थांबलीस, माझ्या हाताकडे बघितलंस, फॉर्म उलटं ठेवलंस आणि म्हणालीस, झालं. तू इथे असतानाच कडेगावचे लोक येऊन गेले. त्यांनी मेळाव्यात बघून सांगतो म्हटलंय.

पुस्तिकेत मी नाही. मेळाव्यात आप्पा पहिल्यांदा तेच पान शोधतील. नाव दिसलं नाही तर म्हणतील, पुस्तिका पुरी झालीच नाही, आणि मशीन विकतील. त्यांना मी काय सांगू?

सोनम


आटपाडी, ८ डिसेंबर १९९८

सोने,

मेळावा झाला. तू ताप आला म्हणून घरी बसलीस. कसला ताप ते मला ठावं हाय, तरी काढा घे.

मी, हरणाबाई आन किसना म्होरल्या रांगेत बसलो. किसनानं पुस्तिका शेजाऱ्याला दावली, मागच्याला दावली, चहावाल्याला दावली. माझ्या पोरीनं केली म्हणून सांगत हुता. त्याला येवढं बोलताना मी एसटीच्या संपातबी बगितलं नव्हतं. मग पानं चाळाय लागला. पुढनं चाळली, मागनं चाळली. बोट थुकी लावून लावून पांढरं झालं. मग माझ्याकडं वाकला.

"आये, सोनमचं कुटं हाय?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"म्हंजे घालायचं नसतं. बामन सोताचं लगीन सोता लावतो का? वाजंत्री सोताच्या वरातीत सनई वाजिवतो का? दुसऱ्याची लग्नं लिवणारीनं त्या वहीत आपलं नाव लिवायचं नसतं. म्याच तिला काढाय लावलं."

त्यानं हरणाबाईकडं बगितलं. माझ्यावर त्याचा इस्वास कवाबी नव्हता, पर हरणाबाई खोटं बोलत न्हाई असं त्याला ल्हानपणापासनं वाटतं. ती पान थुकून म्हणाली, माझ्या माहेरीबी तसंच हाय. तिच्या माहेरी छापखाना तर सोड, आजून येशीवर गावाची पाटी न्हाई. तिला ह्यातलं म्या काय सांगितलंबी नव्हतं. तुझं मागलं पत्र वाचून दावलं हुतं, तेवढंच.

किसनानं पुस्तिका मिटली. पर तुझा बापच त्यो. म्हणाला, मग पुस्तिका पुरी कुटं झाली, एक नाव कमी हाय, खोकं इकायचं ठरलं हुतं. मी काय बोलणार तेवढ्यात भाऊसो पेढं घिऊन आला. त्याच्या पोराचं तिथंच जमलं. शिराळ्याची पोरगी, पुस्तिकंत बगूनच. दोन्हीकडची देवकं येगळी हायत, म्या आदीच तपासली हुती. पोरगी आईच्या आदी बोलती, तवा संसार चालंल. भाऊसो माझ्या पाया पडला आन म्हणाला, लग्नाची पत्रिका सोनमच्याच हातची पायजे, तिच्या अक्षरानं आमच्या पोराचं नशीब उघडलं.

म्या किसनाला तिथंच, भाऊसोच्या म्होरं सांगितलं, पत्रिका छापून हुईस्तवर खोक्याला हात लावायचा न्हाई.

किसना म्हणाला, "आन त्याच्यानंतर?"

म्या म्हटलं, "त्याच्यानंतर बारसं."

धोंडुबाई